दाराकडे तोंड करून

व्हर्लिननं खुर्ची मागच्या भिंतीला टेकेपर्यंत सरकवली, शर्टाचा घोळ उजव्या कमरेवरच्या पिस्तुलावर ओढून घेतला आणि मगच तो बसला. तिथून सगळं जेवणघर दिसायचं, त्यापलीकडचं काचेचं दार दिसायचं आणि दारावर टांगलेली पितळी घंटीही. ओलिटा त्याच्यासमोर बसली, दाराकडे पाठ करून. घरातून निघताना कोटाची बाही कुठली हे तिला सांगावं लागलं होतं, पण इथं कुठं बसायचं ते सांगावं लागलं नाही.

त्यांची मुलगी ट्वायला मात्र उभीच राहिली.

"बाबा, आज तरी आईला तिकडे बसू दे. तिच्या तोंडावर जरा उजेड येईल."

"तिला हीच जागा आवडते."

"तिला विचारलंस कधी?"

"तिनं कधी तक्रार केली नाही."

"तक्रार केली नाही म्हणे," ट्वायला पुटपुटली आणि दोघांच्या मधल्या बाजूची खुर्ची ओढून बसली. गाडीच्या किल्ल्या तिनं टेबलावर ठेवल्या, मीठदाणीला टेकवून, सगळ्यांना दिसतील अशा. तिच्या गाडीच्या डिकीत ओलिटाची छोटी बॅग होती, सकाळीच भरलेली. जेवण होईपर्यंत व्हर्लिननं काय ते सांगायचं होतं. पिस्तूल घराबाहेर गेलं तर ओलिटा घरी राहणार. पिस्तूल राहणार असेल तर ट्वायला आईला आपल्याबरोबर टल्साला, आपल्या घरी नेणार, आजच, इथूनच.

आमच्याकडे पिस्तूल बाळगणाऱ्यांची वानवा नाही. चर्चला निघालेल्या आजीबाईंच्या पर्समध्येसुद्धा रुमाल आणि पेपरमिंटच्या गोळ्यांखाली एखादं निघेल, आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण व्हर्लिन स्ट्राउडचं सोवळं फार कडक. चर्चमध्ये त्याचा बाक शेवटचा. प्रार्थनेला सगळ्यांचे डोळे मिटले की याचे उघडे. कुणी मिठी मारायला आलं की हा डावा खांदा पुढे करणार, म्हणजे उजवीकडचं कुणाला टोचायला नको. लहानपणी ट्वायलाला वाटायचं, बापाच्या उजव्या बरगडीत काहीतरी दुखतंय. बिचारी झोपण्याआधी देवाकडे त्या बरगडीसाठी मागणं मागायची.

जेवणघराची मालकीण मार्व्हीन टेबलाशी आली. रांधणं, वाढणं, पैसे घेणं, सगळं तीच करायची.

"काय फौजदार, आज कुणाची धरपकड?"

"तुझ्या स्वैपाक्याची. मागच्या खेपेला मीठ विसरला तो."

"स्वैपाकी मीच आहे मेल्या. घाल बेड्या." तिनं दोन्ही मनगटं पुढे केली. मग ओलिटाच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तू गं राणी? नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच," ओलिटा म्हणाली आणि सुटल्यासारखं करून तिनं पदार्थांचं कार्ड बाजूला सारलं. ते तिनं उघडलंही नव्हतं.

मार्व्हीन आत गेली. व्हर्लिन दाराकडे बघत होता. रस्त्यापलीकडे बियाण्यांच्या दुकानासमोर एक पिकअप थांबली; त्यातून एक माणूस उतरला, त्यानं पँट वर ओढली आणि तो दुकानात गेला. तो आत जाईपर्यंत व्हर्लिनची नजर त्याच्यावर होती.

"बाबा."

"ऐकतोय."

"काल डॉक्टरपुढे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी साधं विचारलं, आईचं विसरणं पहिल्यांदा कधी लक्षात आलं. तू म्हणालास, ईस्टरनंतर."

"तेव्हाच आलं."

"अरे, त्याच्या कितीतरी आधीपासून ती मला फोनवर तीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगते. मी टल्सात बसून ऐकते ते तुला एका घरात राहून कळलं नाही?"

"फोनवर नुसता आवाज असतो. त्यात जास्त कळतं." हे बोलताना त्याचं त्यालाच ते पटलं नसावं, कारण त्यानं लगेच चहाचा पेला उचलला. बर्फ घातलेला गोड चहा. त्यानं तो तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

"मी घड्याळ काढलं काल," ओलिटा म्हणाली. "छान काढलं."

"काढलंस ना आई." ट्वायलानं तिचा हात दाबला. डॉक्टरांनी ओलिटाला कागदावर घड्याळ काढायला सांगितलं होतं. तिनं गोल सुरेख काढला होता आणि सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले होते, एकमेकांना चिकटून. दुसरी बाजू कोरी. ते बघून ट्वायलानं खिडकीबाहेर पाहिलं होतं आणि व्हर्लिननं दाराकडे.

"डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस," ट्वायला पुढे बोलू लागली. "अशी माणसं घाबरली की घरातलंच माणूस त्यांना परकं वाटतं. घरात हत्यार नको म्हणाले. मला बंदुकीचं वावडं नाही, बाबा. माझं पहिलं हरीण मी तुझ्याच बंदुकीनं पाडलंय. पण गेल्या आठवड्यात ते पिठाच्या डब्यात सापडलं. भरलेलं. पिठाच्या डब्यात!"

"मीच ठेवलं असेन चुकून."

"उगाच थापा मारू नकोस. बर्फ पडो, ताप येवो, तुझ्या कमरेचं ते सुटत नाही. फक्त रात्री उशाशी ठेवतोस. तिथून तिनं उचललं."

"लपवलं मी," ओलिटा म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे पाहिलं.

"कुणापासून गं?" ट्वायलानं विचारलं.

ओलिटानं आठवून पाहिलं. कपाळावर आठी पडली, मग विरली. "बिस्किटं करायची होती," ती म्हणाली आणि हसली. ते हसू तिचं जुनंच होतं. भांडण मिटवायला ती नेहमी हेच हसू वापरायची.

मार्व्हीन थाळ्या घेऊन आली. मक्याच्या पिठात घोळून तळलेला मासा, कोबीची कोशिंबीर, पिठाचे गरम तळलेले गोळे. व्हर्लिनसमोर अख्खा मासा आला, ट्वायलासमोरही. ओलिटाच्या थाळीत माशाचे छोटे छोटे तुकडे होते. काटे काढलेले, एकेका घासाचे.

ट्वायलानं आईच्या थाळीकडे बघितलं, मग बापाच्या.

"आईचा मासा कापून आणतात?"

"इथं तसाच देतात," व्हर्लिन म्हणाला.

"तुझा कुठं कापलाय?"

व्हर्लिननं आपल्या थाळीकडे पाहिलं, जणू ती आत्ताच कुणीतरी आणून ठेवली होती. मार्व्हीनचा हात अजून टेबलावरच होता. तिनं पदरचं काही बोलू नये असं ठरवलं असावं, पण ट्वायला तिच्याकडेच बघत राहिली.

"तिला सुरी जमेना," मार्व्हीन हळूच म्हणाली. "बरेच दिवस झाले त्याला. मागच्या की त्याच्याही मागच्या हिवाळ्यात. मग मी आतच कापून आणायला लागले. तिनंच सांगितलं होतं, याला बोलू नकोस, याला आधीच काळज्या खूप." मग ती व्हर्लिनकडे वळली, आणि या वेळी तिनं फौजदार म्हटलं नाही. "मला वाटलं, तू समोरच बसतोस, तुला दिसलंच असेल."

पलीकडच्या टेबलावरून कुणीतरी हाक मारली तशी ती सुटका झाल्यासारखी निघून गेली.

ओलिटा खात होती. तुकडा काट्यानं उचलायची, थोडा वेळ धरायची, मग तोंडात घालायची. व्हर्लिननं सुरी हातात घेतली आणि आपल्या माशाला लावलीच नाही.

"मला तुला एक सांगायचंय," तो म्हणाला. "पिस्तुलाचं."

"मला ठाऊक आहे. दुकान लुटलं होतं. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"सगळ्या गावाला अर्धं ठाऊक आहे."

त्याचा आवाज ऐकून ट्वायलानं काटा खाली ठेवला.

"तू लहान होतीस. मागच्या खोलीत निजली होतीस. हमरस्त्यावरचं आपलं दुकान तुला आठवतंय का?"

"गळाला लावायच्या गांडुळांचा वास आठवतो."

"हां, तेच. पेट्रोल, बिअर, गांडुळं आणि बर्फ. बर्फाची पेटी बाहेर होती. मी बर्फाच्या दोन पिशव्या घेऊन आत आलो. तर तो आत होता. तुझ्या आईच्या मागे, आणि सुरी तिच्या गळ्याला लावलेली. पोरगाच होता गं. अंगातला कोट त्याच्या मापाचा नव्हता." व्हर्लिन थांबला. त्याचे हात टेबलावर होते, तळवे वर, काहीतरी जड धरल्यासारखे. "मी उभा राहिलो, ट्वायला. नुसता उभा. त्या पिशव्या खालीसुद्धा ठेवल्या नाहीत मी. गल्ला तिनंच उघडला, एका हातानं. मग त्याला तिच्या कानातलं दिसलं. त्यानं ते ओढलं. तिच्या मानेवरून रक्त ओघळलं, आणि मी बर्फ धरून उभा. तो पळून गेला तरी मी उभाच. तुझ्या आईनं येऊन माझ्या हातातल्या पिशव्या काढून घेतल्या. कान तिचा फाटला होता, आणि हात माझे चोळत बसली ती."

"तू काय करणार होतास? तू हललास असतास तर त्यानं..."

"तेच सगळे म्हणाले. शहाणपणा केलास व्हर्लिन. शेजारी म्हणाले, पाद्री म्हणाले. कुणी शहाणपणा म्हटलं की मला भडभडून यायचं. तिचा बाप तेवढा काही बोलला नाही. माझ्याकडे बघितलं आणि टोपी घालून निघून गेला." त्यानं कमरेवर हात ठेवला, शर्टावरूनच. "त्याच शनिवारी जाऊन हे घेतलं. हे कमरेला असलं की मी तो माणूस नसतो. तो बर्फ धरून उभा असलेला. आपल्याकडची माणसं हक्क म्हणतात, घटनेतलं कलम म्हणतात, खुशाल म्हणोत. माझं कारण एवढंच आहे, पोरी. हे काढून ठेवलं की तो माणूस परत येतो. मला त्याची भीती वाटते. चोराची नाही."

दुकान लुटल्याची गोष्ट ट्वायलानं शंभरदा ऐकली होती; चर्चच्या मागच्या अंगणात, नाताळच्या जेवणात, शेजारच्या पोरांना पिस्तूल कसं धरायचं ते शिकवताना. त्यात बर्फ कधीच नव्हता.

"पाणी गळत होतं," ओलिटा म्हणाली.

"काय आई?"

"पिशव्यांतून. याच्या बुटांवर. टप टप." तिनं काट्यानं व्हर्लिनकडे दाखवलं. तिचा आवाज एकदम मोकळा झाला होता, जुन्या ओळखीच्या रस्त्याला लागल्यासारखा. "त्या मेल्याचं तोंड मला कधी दिसलंच नाही. माझ्या मागे होता ना तो. पोलीस विचारत होते, दिसायला कसा होता, मी म्हटलं मला काय ठाऊक. मला हाच दिसत होता."

व्हर्लिन तिच्याकडे बघायला लागला.

"दाराशी उभा. नाक लाल झालं होतं थंडीनं. आणि नुसता माझ्याकडे बघत होतास." आता ती त्याच्याशीच बोलत होती. "पापणी लवू दिली नाहीस. देवाशपथ, आपल्या लग्नात नव्हतास रे असा बघत. लग्नात तर बुटांकडेच बघत होतास. मी म्हटलं, हा बघतोय ना, मग हा बघतोय तोवर मला काही होत नाही. भीती वाटलीच नाही मला."

तिनं एक तुकडा उचलला, तोंडात घातला, सावकाश चावला.

"नंतर तू दाराकडे बघायला लागलास," ती म्हणाली. त्यात रुसवा नव्हता. पावसानं या वर्षी दडी मारली असं कुणी म्हणावं तसं ती म्हणाली आणि कोशिंबिरीकडे वळली.

व्हर्लिननं रुमाल घेतला, घडी घातली, उलगडली. ट्वायलानं मान खाली घातली होती. तिला बापाकडे बघवत नव्हतं. इतकी वर्षं ज्या गोष्टीची लाज तो कमरेला बांधून हिंडला, ती गोष्ट बायकोनं जपून ठेवली होती, आणि तिनं जे जपलं ते त्यानं त्याच शनिवारी जाऊन मोडलं होतं. हे त्याला कळलं. कळायला फार उशीर झाला होता, हेही कळलं.

"मी बघायला हवं होतं," तो म्हणाला. कुणाला उद्देशून, ते कळलं नाही.

मग त्यानं हात पुढे करून मीठदाणीजवळच्या किल्ल्या उचलल्या.

"बाबा, जेवून घे आधी."

"आलोच."

तो बाहेर गेला. ट्वायलाच्या गाडीची डिकी उघडून, शर्ट वर करून त्यानं पिस्तूल काढलं. मॅगझीन काढलं, आतली गोळी काढली, ती खिशात टाकली. मग कमरेचं पिस्तुलाचं कातडी म्यानही सोडलं. पट्टा सैल झाला आणि पँट घसरल्यासारखी वाटली. डिकीत मागच्या कोपऱ्यात एक घोंगडी होती, तिच्यात त्यानं सगळं गुंडाळलं. ओलिटाची बॅग तिथंच होती. त्यानं ती उचलली. बॅग हलकी होती. तिचे कपडे, तिची औषधं, तिचा केस विंचरायचा ब्रश, सगळं मिळून बर्फाच्या एका पिशवीएवढंही वजन नव्हतं. डिकी लावून तो तिथंच उभा राहिला. आपण हे केलं याचं त्याला बरं वाटलं. तिला घरी न्यायचं. सकाळी तिच्यासमोर बसायचं आणि तिचा चेहरा बघायचा, दुसरं काही करायचं नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे.

तो बॅग घेऊन आत आला तेव्हा टेबलाशी ओलिटा एकटीच होती. ट्वायला तिला हात धुवायला घेऊन गेली होती वाटतं. आता ट्वायला गल्ल्यापाशी मार्व्हीनशी बोलत होती, डोळे पुसत. ओलिटा परत येऊन भिंतीकडच्या खुर्चीत बसली होती. त्याच्या खुर्चीत.

समोरची तिची खुर्ची रिकामी होती, दाराकडे पाठ असलेली. व्हर्लिन बॅग पायाशी ठेवून त्या खुर्चीवर बसला. पाठ अगदी उघडी पडल्यासारखी वाटली. मान वळवायची इच्छा त्यानं दातांखाली धरली आणि समोर पाहिलं.

दारातून येणारा सगळा उजेड तिच्या तोंडावर होता. तिनं ओठांना लाली लावली होती, ती एका बाजूला ओठाबाहेर गेली होती. ब्लाऊजची बटणं एक घर सोडून लागली होती. उजव्या कानात छोटं मोत्याचं कानातलं होतं. डावा कान फाटलेला, तसाच मोकळा. हनुवटीवर मक्याच्या पिठाचा कण चिकटला होता. ती बारीक झाली होती, गाल आत गेले होते. हे काही आज झालेलं नव्हतं. व्हर्लिनला तिचा हा चेहरा नवीन होता, आणि मार्व्हीनला नव्हता.

ओलिटानं त्याच्याकडे पाहिलं, मग पायाशी ठेवलेल्या बॅगेकडे. ती हसली. चर्चला नवीन कुणी आलं की आमच्याकडच्या बायका हसतात तसं, तोंडभरून.

"लांबून आलात वाटतं?"

व्हर्लिनला थट्टा वाटली. जुन्या दिवसांत ती अशा थट्टा करायची, अगदी तोंड न हलवता.

"हो तर. पार टल्साहून," तो हसत म्हणाला.

"अगंबाई! बसा, बसा. दमला असाल. इथला मासा घ्या, झकास असतो. फक्त ही खुर्ची तेवढी मागू नका हं. ही माझ्या नवऱ्याची आहे. तो येईपर्यंत मी धरून ठेवलीय."

व्हर्लिनचं हसू तसंच राहिलं. ते कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

"दार दिसावं लागतं त्याला," ओलिटा सांगू लागली. परक्या माणसाला घरातली गोष्ट सांगताना आवाज उतरतो तसा तिचा उतरला. "त्याशिवाय घशाखाली घास उतरत नाही त्याच्या. कुठंही जा, आधी दार."

गल्ल्यापाशी ट्वायला वळली होती आणि इकडेच बघत होती. तिनं पाऊल टाकलं तसा व्हर्लिननं हात जरासा वर केला, आणि ती थांबली.

"काय बघतात ते दारात?" त्यानं विचारलं.

"कुणाची तरी वाट बघतो बहुतेक. कुणाची, ते मी विचारलं नाही. पुरुषांना सगळंच विचारू नये, चिडतात." ती खुदकन हसली. "अजून तरी कुणी आलेलं नाही."

"आणि तुम्ही हो? तुम्ही काय बघता?"

"मी?" तिला प्रश्नाचं नवल वाटलं. "मी त्याला बघते की. दुसरं काय असतं बघायला? त्याच्या मागे भिंत."

तिच्या हनुवटीवरचा पिठाचा कण पुसायला व्हर्लिनचा हात उचलला गेला आणि मध्येच थांबला. परक्या बाईच्या तोंडाला हात कसा लावणार? त्यानं कागदी रुमाल उचलून तिच्यापुढे सरकवला. तिनं तो घेतला नाही.

त्याच्या पाठीमागे घंटी वाजली. कुणीतरी आत आलं. गार वारा त्याच्या मानेवर आला. हात आपोआप कमरेशी गेला आणि रिकामा परत आला. व्हर्लिननं मागे वळून पाहिलं नाही. तो तिच्याकडेच बघत राहिला, पापणी न लवू देता.

ओलिटाचे डोळे मोठे झाले. तिनं मान किंचित उंचावली आणि त्याच्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं.

"नाही, तो नव्हे," ती म्हणाली. "येईल. तुम्ही जेवा, गार होतंय."